बुऱ्हाण निजामशहाचा पोर्तुगीज हकीम

युरोपातलं वैद्यक आपल्याकडे नेमकं कधी आलं? बीड, आष्टी, अंबाजोगाई भागात हा प्रश्न विचारला की उत्तरं ठरलेली असतात. कुणी इंग्रजांचं नाव घेतं, कुणी मिशनऱ्यांच्या दवाखान्यांचं, तर कुणी हैदराबादच्या निजामाच्या काळातल्या सरकारी इस्पितळांचं. ही सगळी उत्तरं दोन-तीनशे वर्षांनी चुकतात. सोळाव्या शतकाच्या मध्याला बीडचा मुलूख ज्या सुलतानाच्या अमलाखाली होता, त्याच्या नाडीवर स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात शिकलेल्या एका पोर्तुगीज वैद्याचा हात होता. गार्सिया द ओर्ता हे त्याचं नाव. कागदोपत्री तो ख्रिस्ती होता. आईवडील जन्माने ज्यू होते आणि राजाच्या हुकमावरून त्यांचा बाप्तिस्मा झाला होता.

या माणसाने आपल्या मातीतल्या औषधांवर युरोपला नवी दृष्टी देणारं पुस्तक लिहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं आणि ग्रंथात वाचलेलं तपासून घ्यायचं, हे तो त्या पुस्तकात निर्भयपणे सांगतो. स्वतःच्या धर्माबद्दल मात्र त्याला आयुष्यभर गप्प राहावं लागलं. या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय ओर्ता समजत नाही, असं मला वाटतं.

१. आधी दोन निजामांचा घोळ सोडवू

मराठवाड्यात ‘निजाम’ म्हटलं की डोळ्यांपुढे हैदराबाद येतं. ती आसफजाही सत्ता १७२४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. आपल्या गोष्टीतला निजाम तो नव्हे. हा अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा निजामशहा. बहामनी राज्य फुटून दख्खनेत ज्या पाच शाह्या उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. तिचा काळ १४९० ते १६३६.

बीडचा या घराण्याशी संबंध अहमदनगर शहराहूनही जुना आहे. बहामनी वजीर महमूद गवान १४८१ मध्ये मारला गेला आणि मलिक हसन हा सरदार कारभारावर आला. त्याच्या जहागिरीत बीड आणि आसपासचे परगणे जोडले गेले आणि त्यांची व्यवस्था त्याचा मुलगा मलिक अहमद पाहू लागला. याच अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य जाहीर केलं आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ नवं शहर वसवायला घेतलं. बीडकरांच्या आजही आठवणीत असलेली खजाना विहीर याच घराण्याच्या काळातली, पण ती पुढची. ओर्ता तोवर हयात नव्हता.

मलिक हसन मूळचा कोण होता? फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की तो गोदावरीकाठच्या पाथरीच्या ब्राह्मण घरातला. त्याचं नाव तिमाभट. विजयनगरच्या मोहिमेत तो बहामनी फौजेच्या हाती लागला आणि त्याला मुसलमान करण्यात आलं. त्याचा नातू बुऱ्हाण लहानपणीच गादीवर बसला आणि १५५३ पर्यंत राज्य करत राहिला. पाथरी हे पूर्वजांचं गाव आपल्या राज्यात असावं यासाठी तो वऱ्हाडच्या इमादशहाशी लढला. हा तपशील लक्षात ठेवावा. आजोबांचा धर्म बदलला होता, तरी आजोबांचं गाव नातू उघडपणे आपलं म्हणत होता. त्याच्या दरबारात येणाऱ्या पोर्तुगीज वैद्याला ती मोकळीक नव्हती.

२. ‘नवख्रिस्ती’ म्हणजे कोण?

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मावलं: बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. त्यांत ओर्ताचे आईवडील होते. पाच वर्षांनी पोर्तुगालचा राजा मानुएल याने पुढची पायरी गाठली. ज्यू हे कुशल व्यापारी, कारागीर आणि वैद्य. ते देशाबाहेर गेले तर नुकसान आपलंच, हे त्याला कळत होतं. म्हणून १४९७ मध्ये त्याने त्यांना हाकललं नाही, सक्तीने ख्रिस्ती केलं. अशा लोकांना ‘नवख्रिस्ती’ हे नाव पडलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिलं. ते चर्चमध्ये जात, मुलांना ख्रिस्ती नावं ठेवत, तरी शेजाऱ्यांची नजर त्यांच्या चुलीवर असे: शुक्रवारी संध्याकाळी दिवा लवकर लागतो का, शनिवारी चूल बंद असते का, डुकराचं मांस टाळलं जातं का. १५०६ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये जमावाने हजारावर नवख्रिस्ती कापून काढले. ओर्ता तेव्हा लहान होता. सरहद्दीवरच्या कास्तेलु द व्हिद या गावात, १५०० च्या सुमारास त्याचा जन्म झालेला.

ज्यूंमध्ये इतके वैद्य का, असा प्रश्न इथे पडतो. जमीन धरायला आणि बऱ्याच धंद्यांत शिरायला त्यांना अनेक ठिकाणी मनाई होती. वैद्यकाला शेत लागत नाही. देश सोडावा लागला तर ते डोक्यात घालून नेता येतं. शिवाय त्या काळचं उत्तम वैद्यक अरबी ग्रंथांत होतं, आणि अरबी, हिब्रू व लॅटिन अशा तिन्ही भाषांत वावरणारी माणसं या समाजात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होती. बाराव्या शतकात कैरोत सुलतानाच्या घराण्याची नाडी पाहणारा मायमोनिडीज हा थोर धर्मपंडितही होता. वैद्य आणि विद्वान एकाच देहात असणं ही त्यांची जुनी रीत.

ओर्ता सालामांका आणि आल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत शिकला, १५२३ च्या सुमारास परतला, गावी वैद्यकी केली आणि मग लिस्बनला जाऊन तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. पेद्रु नुनिश हा नामवंत गणिती त्याचा मित्र; तोही नवख्रिस्तीच. एवढी प्रतिष्ठा मिळूनही पायाखालची जमीन हलत होती. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आणण्याची बोलणी राजा आणि पोप यांच्यात चालू होती. इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं न्यायालय. बाप्तिस्मा झालेला माणूस मनातून दुसरा धर्म पाळतो का, याचा तपास करणं हे त्याचं काम. तपासात आरोपीला फिर्यादी कोण ते सांगत नसत, आणि छळ करून कबुली घेणं कायदेशीर होतं.

नवख्रिस्तींच्या देश सोडण्यावर बंधनं होती. पण राजाचाच सरदार बरोबर नेत असेल तर वाट खुली होई. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोंसु द सोझा हा आरमारी सरदार हिंदुस्थानकडे निघाला आणि त्याचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला. सप्टेंबरमध्ये तो गोव्याला पोहोचला. दोन वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं.

त्याच पिढीतल्या दुसऱ्या एका वैद्याची वाट पाहण्यासारखी आहे. आमातुस लुसितानुस हाही पोर्तुगीज नवख्रिस्ती, हाही सालामांकाचा. तो उत्तरेकडे अँटवर्पला गेला, मग इटलीत फेराराला शिकवू लागला, तिथून आंकोनाला. तिथे पोपच्या माणसांनी नवख्रिस्तींवर धाड घातली आणि तो सर्वस्व सोडून पळाला. शेवटी तो तुर्की सुलतानाच्या सालोनिका शहरात उघडपणे ज्यू म्हणून राहिला. आपल्या सातशे रुग्णांच्या हकिगती त्याने लिहून ठेवल्या. सालोनिकात १५६८ मध्ये, प्लेगच्या साथीत तो गेला. ओर्ताही १५६८ मध्येच गेला, पण गोव्यात, ख्रिस्ती म्हणून.

३. घाटावर

सोझाबरोबर ओर्ता सुरुवातीची वर्षं गुजरात-काठियावाडच्या मोहिमांवर फिरला. दीवचा किल्ला पोर्तुगिजांना मिळाला तेव्हा तो त्या भागात होता. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची एक गोष्ट त्याने नोंदवली आहे. सुलतान सोझाला म्हणाला होता की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण पाहावासा वाटला, तर थोडी भांग खाल्ली की पुरे. मुंबईजवळची घारापुरीची लेणीही ओर्ताने पाहिली आणि त्यांचं वर्णन लिहिलं.

मग तो गोव्यात स्थिरावला, आणि तिथून बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणंयेणं सुरू झालं. पोर्तुगीज लोक सह्याद्रीच्या वरच्या सगळ्या पठाराला बालाघाट म्हणत. आपल्या बीड जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची रांग हा त्या मुलखाचा एक भाग. किनाऱ्यावरच्या दमट हवेतून घाट चढून आलेल्या या माणसाला इथे ज्वारीचा कोरडा प्रदेश, वेगळी झाडं आणि वेगळे वैद्य भेटले.

अहमदनगरचा तो दरबार कसा होता, हे जाणून घेण्यासारखं आहे. शाह ताहिर हा विद्वान इराणमधून जीव वाचवून तिथे आला होता. त्याच्या प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. राज्याचा कारभार काही काळ एका ब्राह्मणाच्या हाती होता. दरबारी हकिमांत इराणी, अरब, तुर्क असत, वैद्यही असत. यांच्यात ओर्ता बसे आणि एकेका औषधाबद्दल प्रत्येकाला विचारी: तुमच्याकडे याला काय म्हणतात, कुठे उगवतं, कशावर देता? स्वतः निजामशहाला वैद्यकाची गोडी होती. रोगांची आणि औषधांची अरबी नावं सुलतानाने ओर्ताला शिकवली आणि लॅटिन नावं ओर्ताने सुलतानाला. वर्षातले काही महिने इथेच राहावं म्हणून निजामशहाने मोठी नेमणूक देऊ केली, ती ओर्ताने घेतली नाही, असं तो स्वतः लिहितो. त्याचं कुटुंब गोव्यात होतं.

माझ्या मते ओर्ताच्या विद्येला सर्वांत मोकळी हवा इथेच मिळाली. इथे त्याच्या बाप्तिस्म्याची चौकशी करणारं कुणी नव्हतं. इब्न सिना या थोर वैद्याचा वैद्यकग्रंथ ज्यांना मूळ अरबीत पाठ होता अशा माणसांशी तो वाद घालू शकत होता. लिस्बनमध्ये तोच ग्रंथ लॅटिन भाषांतरातून, लिहिणाऱ्यांच्या चुकांसकट येई.

४. गेलनचं म्हणणं काय होतं?

ओर्ताने काय नवं केलं हे कळायला त्याच्या आधीचं वैद्यक थोडं समजून घ्यावं लागेल. युरोपात चौदाशे वर्षं एका ग्रीक वैद्याचा शब्द शेवटचा होता. त्याचं नाव गेलन. त्याच्या मते शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. चौघांचा तोल म्हणजे आरोग्य, तोल गेला की आजार. प्रत्येक औषधाला उष्ण किंवा थंड, कोरडं किंवा ओलं असा गुण असतो आणि त्या गुणाच्या चार पायऱ्या असतात. आजार उष्णतेचा असेल तर थंड औषध द्यायचं, तेही योग्य पायरीचं. मराठी वाचकाला यात परकं काही वाटणार नाही. वात-पित्त-कफ आणि ‘पपई उष्ण पडते’ ही आपल्या घरातली भाषा याच धाटणीची आहे. म्हणूनच ओर्ता, हकीम आणि वैद्य एका बैठकीत बसून बोलू शकले.

अडचण सिद्धान्तात कमी आणि औषधांत जास्त होती. मिरी, दालचिनी, हिरडा, सुंठ, हिंग हे सगळं पूर्वेकडून जाई. अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोहोचेपर्यंत तो नुसता वाळलेला तुकडा असे. झाड कुणी पाहिलेलं नसे. ज्वारीचं पीठ तेवढं पाहून ताट केवढं वाढतं, कणीस कसं भरतं आणि हुरडा कधी होतो हे सांगायला बसावं, तसा हा प्रकार. मोकळी जागा कथांनी भरली जाई. दालचिनी म्हणे प्रचंड पक्ष्यांच्या घरट्यांतून पाडून आणतात. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या काळापासून हे चालत आलेलं. हिरा म्हणे बोकडाच्या रक्ताने मऊ पडतो, आणि गिळला तर माणूस मरतो.

ओर्ताची रीत साधी आहे. हिऱ्याचंच उदाहरण घेऊ. हिरा गिळल्याने माणूस मरतो हे ग्रंथात आहे. मग खाणीतले मजूर चोरीसाठी हिरे गिळतात आणि नंतर ते शौचातून काढून घेतात, त्यांना काही होत नाही, हे कसं? ज्या अर्थी ती माणसं जिवंत आहेत, त्या अर्थी ग्रंथ चुकला. दालचिनीबद्दलही तसंच. ती सिंहलद्वीपातल्या झाडाची साल आहे, झाड असं दिसतं, साल अशी सोलतात; विषय संपला. तो हेही लिहितो की स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीकांविरुद्ध बोलायचं धाडस मला झालं नसतं.

त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. पिंपळीची वेल मिरीच्या वेलीहून वेगळी, हे त्याने नीट सांगितलं. पण पांढरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येते, असंही तो सांगून बसला. दोन्ही एकाच वेलीच्या. साल काढली की पांढरी. स्वतः न पाहता ऐकलेल्यावर विसंबला तिथे तोही घसरला.

५. रुआनो विचारतो, ओर्ता सांगतो

पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाईच्या चुका भरपूर, शुद्धिपत्र लांबलचक. नाव होतं ‘हिंदुस्थानातल्या औषधींविषयी संवाद’ अशा अर्थाचं. विद्वानांची भाषा लॅटिन असताना ओर्ताने ते पोर्तुगीजमध्ये लिहिलं, व्यापारी आणि खलाशी यांनाही वाचता यावं म्हणून. सुरुवातीला कामोइंशची एक कविता आहे. पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या या माणसाची छापून आलेली ही पहिली कविता.

रचना संवादाची. डॉक्टर रुआनो हे काल्पनिक पात्र नुकतंच युरोपातून उतरलं आहे. ग्रंथांत जे लिहिलं आहे ते सगळं त्याला मान्य. ओर्ता त्याला एकेक औषध दाखवतो आणि दोघं वाद घालतात. मधूनच अंतोनिया ही घरातली दासी एखादी फांदी किंवा फळ घेऊन येते. माझ्या मते रुआनो म्हणजे तरुणपणीचा ओर्ताच. सालामांकातून शिकून निघालेल्या आपल्याच जुन्या मनाला तो दुरुस्त करत बसला आहे. अवघड मतं थेट आपल्या नावावर न मांडता दोन तोंडांत वाटून टाकायची, ही युक्ती ज्याला आयुष्यभर तोलून बोलावं लागलं त्यालाच सुचावी.

पुस्तकात आंबा, फणस, नारळ, विड्याचं पान, चिंच, आवळा, बिब्बा, निर्गुंडी, कुडा, हळद असं आपल्या परसातलं पुष्कळ काही भेटतं. आंबट बिरंडही आहे, म्हणजे आपलं रातांबा-कोकम. (कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावावरून ते ओर्ताच्या नावावर ठेवलं असं पुष्कळांना वाटतं. ते लॉराँ गार्सां या नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर आहे.) हिंगाची गोष्ट तर मुलांना सांगावी अशी. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला पोटात वारा धरायचा, म्हणून राजा तो घेईना. धन्याने त्याला हिंग चारला आणि घोडा बरा झाला. राजाने उपाय विचारला आणि हिंगाचं नाव ऐकून म्हणाला की यात नवल नाही, तू त्याला देवांचं अन्न दिलंस.

धोत्र्याबद्दल तो सावध करतो. चोर जेवणात धोत्रा मिसळतात; खाणारा भान हरपतो, विचारलं त्याला उत्तर न देता हसत सुटतो आणि डोळ्यांदेखत दागिने जातात. धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपिन मेंदूवर काम करतं, हे आज माहीत आहे. लक्षणं त्याने अचूक टिपली आहेत.

६. मोडशी: दहा तासांचा हिशेब

वैद्यकाच्या इतिहासात ओर्ताचं नाव पक्कं झालं ते पटकीच्या वर्णनामुळे. पटकी म्हणजे कॉलरा. गोव्यात लोक तिला मोडशी म्हणत आणि ओर्ताने तेच नाव लिहून घेतलं. नाडी इतकी बारीक की बोटाला लागत नाही. अंग थंड, घामही थंड, आत मात्र दाह आणि तहान. डोळे खोल गेलेले, झोप नाही, पायांत गोळे, उलटी आणि जुलाब. काही रोगी दहा तासही टिकले नाहीत, आणि फार तग धरणारेही सहसा चार दिवसांपलीकडे गेले नाहीत, असं तो सांगतो. युरोपीय वैद्याच्या हातचं या रोगाचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी छापलेलं नव्हतं.

दहा तास हा आकडा आजच्या ज्ञानावर पडताळून पाहू. साठ किलो वजनाचा माणूस घ्या. शरीरातलं पाणी वजनाच्या दहा टक्क्यांनी घटलं, म्हणजे सहा लिटर गेलं, की रक्ताभिसरण कोलमडतं. तीव्र पटकीत तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाऊ शकतं. अर्ध्या लिटरच्या वेगाने सहा लिटर जायला बारा तास लागतात, एका लिटरच्या वेगाने सहा. ओर्ताचे दहा तास या दोहोंच्या मधे बसतात. जंतू, क्षार, रक्तदाब यांतलं काहीही ठाऊक नसताना, नुसतं रोग्याजवळ बसून त्याने हे टिपलं.

उपचारांत तो स्थानिक वैद्यांची रीतही नोंदवतो: तांदळाची पेज मिरी-जिरं घालून पाजायची, आणि पायांना डाग द्यायचा. डागाने उपयोग होत नव्हता. पेजेची गोष्ट वेगळी आहे. तांदळाच्या पिठूळ भागापासून आतड्यात साखर तयार होते, आणि साखरेबरोबर क्षार व पाणी रक्तात ओढून घेतलं जातं. मिठाशिवाय ती अपुरी पडते, पण दिशा योग्य होती. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीचे मृत्यू कमालीचे खाली आणले, ते याच तत्त्वावर.

७. मुंबईचा आंबा

पोर्तुगीज सरकारने १५५४ च्या सुमारास ओर्ताला मुंबई बेट खंडाने दिलं. तेव्हाची मुंबई म्हणजे माडांची, भातखाचरांची आणि कोळीवाड्यांची. आज जिथे फोर्टात आरमाराचं ठाणं आहे, तिथे त्याचं घर असल्याचं इतिहासकार मानतात. पुस्तकात एके ठिकाणी त्याच्या मुंबईच्या कुळाकडून आंब्यांची भेट येते आणि ओर्ता सांगतो की माझ्या बेटावर एक झाड वर्षातून दोनदा फळतं.

८. गोव्यातली आग

१५४३ हे साल युरोपात फार मोठं मानलं जातं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ त्या वर्षी निघाला, आणि माणसाच्या शरीराची प्रत्यक्ष चिरफाड करून लिहिलेला वेसालियसचाही. त्याच वर्षी गोव्यात जेरोनिमु दियाश या नवख्रिस्ती वैद्याला छुपा ज्यू ठरवून मारण्यात आलं आणि त्याचं प्रेत जाळण्यात आलं. ओर्ता शहरातच होता. त्याच वर्षी त्याने ब्रियांदा द सोलिस या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं.

पुढे तिकडे लिस्बनमध्ये त्याच्या बहिणी पकडल्या गेल्या. त्या सुटल्यावर आईसह गोव्यात त्याच्याकडे आल्या. ज्या छळातून ही माणसं निसटली, तो १५६० मध्ये जहाजाने त्यांच्या मागोमाग आला. गोव्यात इन्क्विझिशन बसलं. ‘संवाद’ छापले गेले ते त्यानंतर तीन वर्षांनी, चर्चच्या परवानगीनिशी. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ज्याच्याकडे औषध घेत, त्या म्हाताऱ्या वैद्याला त्याच्या हयातीत कुणी हात लावला नाही.

तो १५६८ मध्ये वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशीत तिच्या नवऱ्याने सांगितलं की ओर्ता मोझेसचा, म्हणजे ज्यूंचा, धर्म खरा मानत असे, आणि तारणहार अजून यायचा आहे असं म्हणत असे. पंचवीस ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला जिवंत जाळण्यात आलं. हे सगळं वर्षभरात घडलं. अकरा वर्षांनी, चार डिसेंबर १५८० रोजी, ओर्ताच्या हाडांची पाळी आली. मेलेल्यावरही खटला चाले. थडग्यातून अवशेष उकरून काढले गेले आणि शिक्षा सुनावण्याच्या जाहीर सोहळ्यात ते जाळण्यात आले.

या गोव्याच्या उत्तरेला, अलिबागच्या बाजूला, बेने इस्रायल ज्यू मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच राहिले. कातारिनावरचा आरोप तोच होता: शनिवार पाळते.

ओर्ताच्या कुटुंबावरच्या खटल्याचे कागद साडेतीनशेहून अधिक वर्षं दफ्तरात पडून होते. १९३४ मध्ये आउगुस्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु या पोर्तुगीज संशोधकाने ते उजेडात आणले. तोवर चरित्रकार ओर्ताला निष्ठावान ख्रिस्ती समजून लिहीत आले होते.

९. पुस्तक कुठे गेलं?

पुस्तक छापून फार काळ झाला नव्हता, तोच क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ पोर्तुगालमध्ये आला आणि एक प्रत त्याच्या हाती पडली. संवाद काढून टाकून त्याने मजकूर संक्षेपाने लॅटिनमध्ये आणला आणि १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. ओर्ताचं ज्ञान युरोपभर पसरलं ते या आवृत्तीने, पण त्यात रुआनो उरला नाही, दासी अंतोनिया उरली नाही आणि निजामशहाबरोबरची बोलणीही बरीचशी गळली. मूळ संवाद पोर्तुगीजमध्ये काउंट फिकाल्यु यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपांसह नव्याने छापले आणि १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी ते इंग्रजीत आणले. पणजीतल्या चर्चजवळच्या बागेला आज ओर्ताचं नाव आहे.

एका गोष्टीची खंत राहते. ओर्ताच्या ज्ञानाचा मोठा भाग इथल्या वैद्यांकडून, दरबारातल्या हकिमांकडून, बाजारातल्या गांधी-अत्तारांकडून आणि घरातल्या दासींकडून आला. पुस्तकात बोलताना दिसतो तो मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य, तोही थोडा वेळ. बाकीचे बहुतेक ‘हे लोक असं करतात’ या शब्दांत मावून जातात. शंभर-सव्वाशे वर्षांनी केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला, तेव्हा इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष त्याच्याच लिपीत पहिल्या खंडात छापली. घाटावरच्या ज्या वैद्यांनी ओर्ताला निर्गुंडी आणि बिब्बा दाखवला, त्यांच्या वाट्याला अशी साक्ष आली नाही.